कोरेलाचा टोप

मी टोप बोलतोय. पुण्याकडचे लोक मला पातेलं म्हणतात. म्हणोत बापडे. माझा जन्म भांडुपचा, तेव्हा मी टोपच. स्टीलचा, साडेचार लिटरचा, काठ बाहेर वळवलेला. मशीनखाली पत्र्याची एक गोल चकती ठेवली, वरून दाब आला आणि मी झालो. माझ्या जन्माची गोष्ट एवढीच. पॉलिश करायला मात्र अर्धा दिवस लागला होता.

कुर्ल्याच्या एका भांड्यांच्या दुकानात एका मावशीने मला विकत घेतलं. मग दुकानदाराने कर्रकर्र करत माझ्या काठाखाली अक्षरं कोरली : 'सौ. सुलोचना रामदास भालेराव हिस मावशीकडून सप्रेम भेट, १७-५-८७.' ते कोरणं चांगलंच लागलं होतं. पण तेव्हापासून मी कुणाचा, हे मला कधी विचारावं लागलं नाही.

चेंबूरच्या एका खोलीत माझा संसार सुरू झाला. सकाळी दूध, दुपारी आमटी, पाहुणे आले की चहा. सुलोचना पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची आणि दुधाकडे पाठ करून पेपर वाचायची. त्यामुळे दूध उतू जायचं आणि मार मला बसायचा, तारेच्या काथ्याने. तरी ते दिवस चांगले होते. मी रोज लागत होतो, आणि भांड्याला आणखी काय हवं असतं?

नव्याण्णव साली हे दोघं मेलबर्नला आले. मी सुटकेसमधून आलो, पोटात गोडा मसाल्याच्या पुड्या आणि त्यावर रामदासचे मोजे. त्या वासाचं मी इथे वर्णन करत नाही. पुढे पंधराएक वर्षं तिथल्याच पॉइंट कुक या उपनगरातल्या घरात मी गॅसवर राबलो. मग किचन नवीन झालं. काचेसारखी सपाट शेगडी आली. तिच्यावर मला ठेवलं की ती नुसती पीं-पीं करायची आणि गरम व्हायला नकार द्यायची. माझं स्टील तिला चालत नव्हतं. सुलोचनाने मला दोनदा ठेवून पाहिलं, पुसलं आणि गॅरेजमधल्या फळीवर नेऊन ठेवलं. 'टाकवत नाही' असं ती म्हणाली, एवढंच माझं समाधान.

आता रामदासविषयी. हा माणूस पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. जमिनीखालचे पाइप कुठे गळतात ते शोधायचं आणि गळती बंद करायची, हे त्याने आयुष्यभर केलं. घरातला नळ टिपकला तर त्याला जेवण जात नसे. रिटायर झाल्यावर नवराबायको गाडीने फिरायला निघाले आणि मरी नदीकाठच्या रेन्मार्क गावात त्याला एका शेडखाली 'कोरेला' दिसली.

कोरेला ही लाकडी बोट. सोळा फुटांची, अरुंद फळ्या एकीवर एक चढवून बांधलेली, मागे छोटं इंजिन लावायची सोय. ती बांधली होती नॉर्म नावाच्या माणसाने, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बापाच्या संत्र्यांच्या बागेतल्या शेडमध्ये. आता नॉर्म अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता आणि नर्सिंग होममध्ये राहायला निघाला होता. त्याने बोट रामदासला दिली, पण एक अट घातली. रेन्मार्कला दर दोन वर्षांनी लाकडी बोटींचा मेळावा भरतो. नॉर्म त्यासाठी बोट आधी प्रवाहाबरोबर खाली वायकेरी गावापर्यंत न्यायचा आणि बोटीला वरच्या पाण्यात उचलून घेणारी तीन लॉक चढून मेळाव्याला घरी परतायचा. पुढच्या मेळाव्याला तिला तशीच आण, तो म्हणाला, नदीतून, लॉकमधून, ट्रेलरवरून नको. मला तिला पाण्यात बघायचंय.

रामदासने हातात हात दिला आणि शब्दही दिला.

बोट पॉइंट कुकच्या गॅरेजमध्ये आली आणि तिथे तिची माझी गाठ पडली. रामदासने तिला जसं जपलं, तसं पोटच्या पोरीलाही जपलं नसेल. हे मी नाही, त्यांची लेक स्वप्नाच म्हणायची. बोटीवर ताडपत्री, खाली लाकडी ठोकळे, शेजारी हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र. पावसाळी हवा असली की गॅरेजचं दार उघडायला बंदी. त्याने तिला घासलं, हिरवा रंग दिला, व्हार्निश दिलं. ब्रश भिजवायला त्याने मला घेतलं, आणि तो हिरवा डाग माझ्या अंगावर अजून आहे. दर रविवारी नॉर्म फोन करायचा, ती कशी आहे विचारायचा. रामदास सांगायचा, शोरूममध्ये ठेवल्यासारखी आहे. म्हातारा खूश व्हायचा.

दोन वर्षं कोरेलाला पाण्याचा थेंब लागला नाही. तुमच्या लक्षात आलं असेल काय झालं ते. रामदासच्या नाही आलं.

मेळाव्याच्या महिनाभर आधी नॉर्मने बातमी सांगितली. त्याची मुलगी त्याला पर्थला नेणार होती, कायमचं, मेळाव्यानंतरच्या सोमवारी. शनिवारी नर्सिंग होमची माणसं त्याला अकरा ते एक एवढा वेळ नदीवर आणणार होती. म्हणजे बोट पोचली तर त्या दोन तासांत, नाहीतर कधीच नाही. पर्थ म्हणजे देशाचं दुसरं टोक.

मंगळवारी वायकेरीला बोट पाण्यात उतरवली. दहा मिनिटांत सुलोचनाचे पाय भिजले.

स्वप्नाने बाबांना विजेचा पंप दिला होता. तो अर्धा तास चालला आणि गप्प झाला. बादली घरी राहिली होती. मग रामदासने पिशव्या उचकटल्या आणि ब्रशांच्या पिशवीतून मला बाहेर काढलं. 'हा आहे,' तो म्हणाला, आणि सुलोचनाने मला हातात घेतलं. किती वर्षांनी! पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाणी भरलं, बाहेर फेकलं, पुन्हा भरलं. मी दुधाचा, चहाचा टोप. नदीचं गढूळ पाणी उपसायला लागेन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण खरं सांगतो, फळीवर बसण्यापेक्षा ते बरं होतं.

बुधवारी पहिलं लॉक आलं. लॉक म्हणजे नदीवरच्या बांधाला लागून सिमेंटची एक उभी खोली, दोन्ही बाजूंना दारं असलेली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी चढतं तशी बोट चढते, मग पुढचं दार उघडतं आणि आपण वरच्या नदीत. रामदास दोर धरून उभा होता, सुलोचना उपसत होती. वरून लॉकवाल्याने, सगळं ठीक ना अशा सुरात, विचारलं, 'यू राइट देअर, लव्ह?' ती मान वर न करता म्हणाली, 'नो वरीज,' आणि आणखी एक टोप बाहेर फेकला. खोलीत पाणी चढत होतं आणि बोटीतही.

लॉकच्या वर किंग्स्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या उताराशी बोट लागली तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं आणि सुलोचनाचा खांदा धरला होता. रामदासने फळ्यांच्या फटींत ट्यूबमधलं गमासारखं काहीतरी भरून पाहिलं होतं. ओल्या लाकडाने ते थुंकून टाकलं. तो काठावर बसला. मग त्याने जे सांगितलं ते असं, की वायकेरीहून ट्रेलर आणू, बोट रस्त्याने रेन्मार्कला नेऊ आणि शनिवारी साडेदहाला तिथेच पाण्यात उतरवू. अर्धा तास ती तरंगेल. नॉर्मला काय कळणार आहे?

सुलोचनाने मला खाली ठेवलं. 'अहो, त्यांना कळणार नाही,' ती म्हणाली, 'पण तुम्ही त्यांच्यासमोर उभे कसे राहाल?'

ती फटींकडे बघत बसली. मग तिने मामाच्या गावची गोष्ट काढली. उन्हाळ्यात बैलगाडीची लाकडी चाकं वाळून खिळखिळी व्हायची, त्यांच्यावरची लोखंडी धाव सैल पडायची. मामा कुणालाही बोलवायचा नाही. चाकं काढायचा आणि ओढ्याच्या डोहात टाकायचा, दोन रात्री. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि चाक पुन्हा घट्ट. ती लहान असताना त्या चाकांवर बसून पाय धुवायची.

'ही तहानलेली आहे,' ती म्हणाली. 'आपण दोन वर्षं हिला पाणी दिलं नाही. बुडवू या हिला.'

आयुष्यभर गळती बंद करणाऱ्या माणसाला हे ऐकवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचं वर्णन मला जमणार नाही. तो म्हणाला की यात एक दिवस जाईल. मग शुक्रवारी नाही, शनिवारी सकाळी पोचू, तेही सगळं नीट झालं तर. आणि फळ्या नाही फुगल्या तर? ती म्हणाली, नाही फुगल्या तर नॉर्मला फोन करून खरं सांगू. एवढं बोलून ती गुडघाभर पाण्यात उतरली.

इंजिन आणि बॅटरी काढून घेतली. खालच्या फटींतून पाणी आपोआप आत येत होतं, पण वरच्या फळ्यांपर्यंत नदी पोचत नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी पाणी बाहेर काढत होतो. आता तीच बाई माझ्यानेच ते आत ओतत होती. मीही गोंधळलो. पण भांड्याने का असं विचारायचं नसतं.

गुरुवारचा अख्खा दिवस कोरेला काठाशी बुडून होती, वरचा हिरवा काठ तेवढा पाण्याबाहेर. येणारा-जाणारा थांबायचा. एकाने अगदी कळवळून सांगितलं, 'मेट, तुमची बोट बुडालीय.' सुलोचना म्हणाली, हो, आम्हीच बुडवलीय. तो माणूस थोडा मागे सरकला. रामदास काठावरच्या भाड्याच्या केबिनमध्ये पाठ फिरवून बसला होता. त्याच्याने बघवत नव्हतं.

शुक्रवारी उजाडताच दोघांनी तिला उपसलं, तो कुणाकडून तरी मागून आणलेल्या बादलीने, ती माझ्याने. तळ दिसला तेव्हा दोघंही थांबले. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. तळाशी ओल होती, एका कोपऱ्यातून बारीकशी धार येत होती, बाकी काही नाही. रामदासने फटींवरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. मग वळून बायकोला एवढंच म्हणाला, 'सुलू, मी मूर्ख आहे.' तिने ते मान्य केलं.

दिवसभर इंजिन तापेपर्यंत चालवून त्यांनी चार वाजता बंद व्हायच्या आत दुसरं लॉक गाठलं आणि बेरी गावाशी मुक्काम केला. शनिवारी सकाळी आठला निघायचं होतं. पण नदीवर धुकं बसलं होतं. समोरचं झाड दिसेना. नऊ वाजून गेल्यावर ते उठलं. शेवटचं लॉक समोर दिसलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते, आणि वरचा दिवा लाल होता. साडेअकरा ते एक लॉकवाल्याची जेवायची सुट्टी. हे रामदासला पाठ होतं, पण धुक्याला नव्हतं.

बंद दारासमोर बोट बांधून रामदासने फोन लावला. नॉर्मला आणणारी हरलीन नावाची पंजाबी मुलगी फोनवर आली. रामदासने सांगितलं की आम्ही पाच किलोमीटरवर आहोत आणि एक वाजेपर्यंत हलू शकत नाही. पलीकडे बोलणं झालं. मग नॉर्मचा आवाज आला. 'लॉक जेवायला गेलंय, नाही का?' तो म्हणाला. 'मग मीच येतो.'

साडेबाराला लॉकच्या भिंतीवर एक व्हीलचेअर दिसली. आम्ही खाली, तो वर, दोन मजल्यांएवढं अंतर. पांढरी टोपी घातलेलं बारीक डोकं पुढे झुकलं. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने वरून विचारलं, ती पाणी किती घेतेय?

रामदासला 'काही नाही' म्हणता आलं असतं. ते जवळजवळ खरंही होतं. त्याने टोपी काढली आणि मोठ्याने, तुटक तुटक सगळं सांगितलं. दोन वर्षं गॅरेजमध्ये कोरडी ठेवली. फळ्या उघडल्या. माझी चूक.

नॉर्म म्हणाला, 'मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, हे सगळ्यांनाच माहीत असतं.' आणि थोड्या वेळाने, 'मग केलंस काय?'

'बायकोने बुडवली,' रामदास म्हणाला.

म्हातारा हसला. खोकला येईपर्यंत हसला, हरलीनने त्याची पाठ चोळली.

एकला पाच कमी असताना तीच वरून सुलोचनाला म्हणाली, 'आंटी, एक बजे इनकी दवाई है. मुझे निकलना पड़ेगा.' सुलोचना ना गयावया करत बसली, ना रागावली. ती म्हणाली, 'बेटा, बस पंधरा मिनिट. ये आदमी इसके लिए दो साल रुका है.' हरलीनने नॉर्मकडे पाहिलं, खाली बोटीकडे पाहिलं आणि फोन काढून बाजूला गेली. परत आली ती खुर्चीचा ब्रेक लावूनच उभी राहिली.

दिवा हिरवा झाला. आम्ही खोलीत शिरलो, मागचं दार लागलं, पाणी सुटलं. रामदासने दोर धरला. ओली सिमेंटची भिंत हळूहळू खाली सरकायला लागली. आधी नॉर्मचे बूट दिसले, मग गुडघ्यावरची चादर, मग हात. तिसऱ्यांदा मी लॉक चढत होतो, पण वर कुणी वाट बघत असलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

पाणी थांबलं. भिंतीचा काठ तरीही बोटीपेक्षा वर राहिला. नॉर्म पुढे वाकला, हरलीनने मागून त्याचा शर्ट घट्ट धरला. त्याने हात लांब केला, अगदी लांब. बोटीचा काठ आणि तो हात यांत हातभर अंतर उरलं. त्याने आणखी एकदा प्रयत्न केला. मग हात चादरीवर ठेवला आणि म्हणाला, असू दे.

सुलोचनाने मला उचललं. तळफळी बाजूला केली, मला आडवा करून सांदीत खरवडलं आणि तिथे साचलेलं सगळं पाणी गोळा केलं. कपभर असेल. मग ती बाकावर उभी राहिली, पोहता न येणारी बाई, आणि दोन्ही हातांनी मला वर धरलं.

नॉर्मने मला घेतलं, मांडीवर ठेवलं, आत पाहिलं. त्याने हात पाण्यात बुडवला. तो हात नाकाशी नेला. त्या पाण्याला लाकडाचा, रंगाचा, इंजिनच्या तेलाचा वास होता. 'आज सकाळपासून एवढंच?' त्याने विचारलं. रामदासने मान डोलावली. 'मग ठीक आहे ती,' नॉर्म म्हणाला, आणि त्याचे डोळे वाहायला लागले. त्याने ते पुसले नाहीत. त्याचा हात ओलाच होता.

पुढचं दार उघडलं. मागे दुसऱ्या बोटी ताटकळल्या होत्या, लॉकवाला हात करत होता. रामदासने इंजिन सुरू केलं. बोट निघाली तेव्हा त्याला मी आठवलो. 'अगं, टोप,' तो म्हणाला. सुलोचनाने वळून पाहिलं. मी नॉर्मच्या मांडीवर होतो, त्याचे दोन्ही हात माझ्या काठावर.

'राहू दे,' ती म्हणाली.

मेळाव्यात कोरेला रांगेत उभी राहिली, असं ऐकलं. मी तिथे नव्हतो. आता ती रेन्मार्कलाच नदीत बांधलेली असते आणि रामदास-सुलोचना महिन्याकाठी तिच्याकडे जातात. मी सोमवारी विमानाने पर्थला आलो. विमानातही नॉर्मने मला मांडीवरून उतरू दिलं नाही.

इथल्या नर्सिंग होममधली खोली छान आहे. खिडकी आहे, खिडकीतून गाड्यांचं पार्किंग दिसतं. नॉर्म नव्या जागेत बराच गोंधळतो. मुलीला नर्स समजतो, नर्सला मुलगी. पण रोज सकाळी उठला की पहिली नजर माझ्याकडे टाकतो आणि जो कुणी खोलीत असेल त्याला विचारतो, ती पाणी किती घेतेय? ते माझ्यात बघतात आणि सांगतात, काहीच नाही, नॉर्म. मग तो मान हलवतो.

मागच्या महिन्यात एक भली बाई भेटायला आली. तिने फुलं आणली होती. फुलदाणी मिळेना, म्हणून तिने ती माझ्यात ठेवली, काठोकाठ पाणी घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्मने मला पाहिलं आणि उठायची धडपड करायला लागला. ती बुडतेय म्हणाला, उपसा म्हणाला. दोघांनी धरून ठेवावं लागलं. दिवसभर तो रडत होता आणि का ते कुणाला कळलं नाही.

म्हणून सांगतो. त्याला भेटायला या, तो आनंदाने बोलेल, ओळखणार नाही कदाचित. फुलं आणलीत तर पेल्यात ठेवा. माझ्यात बिस्किटं ठेवा, चष्मा ठेवा, औषधाच्या गोळ्या ठेवा, मला चालेल. पाणी तेवढं घालू नका. आणि सकाळी त्याने विचारलं, तर उगीच तोंडदेखलं उत्तर देऊ नका. उठा, माझ्यात नीट वाकून बघा आणि मग सांगा. मी कोरडा आहे हे कळल्याशिवाय तो चहा घेत नाही.